सोलापुरातल्या छोट्या शाळेत मूल घातलंय? वर्षभराच्या बातम्या आणि कार्यक्रम असे सांभाळा

जून उजाडला की आमच्या पूर्व भागातल्या शाळेच्या गेटवर नवे पालक दिसायला लागतात. कुणी अक्कलकोटकडून कामासाठी आलेलं, कुणी कलबुर्गीहून, कुणी पुण्यातलं भाडं परवडेना म्हणून परत फिरलेलं. प्रवेश होतो, पुस्तकं मिळतात, आणि पंधरवड्यात एखादी आई बंद गेटसमोर मुलाचं बोट धरून उभी असते. सुट्टीचा निरोप तिच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

मी पालक म्हणून शाळेच्या समितीत आहे, त्यामुळे दोन्हीकडची ओढाताण दिसते. मोठ्या शाळेत निरोप द्यायला ऑफिस असतं. छोट्या शाळेत मुख्याध्यापक स्वतः वर्ग घेतात, ऑनलाइन माहिती भरतात, तांदळाचा हिशोब ठेवतात आणि गळका नळही बघतात. त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की त्यांच्याकडून निरोप गेला. तो घरापर्यंत आणायचं काम आपलं. शिवाय अशा शाळेचा जवळपास प्रत्येक कार्यक्रम पालकांच्या मदतीवरच उभा राहतो. म्हणून कुठलीही सूचना आली की तारखेबरोबर आणखी एक गोष्ट बघायची: यात माझं काम काय?

पहिली पायरी: प्रवेशाच्या दिवशीच हे उरकून घ्या

जन्मदाखला, आधार कार्ड आणि आधीच्या शाळेचा दाखला, या तिन्हींवर मुलाचं नाव एकसारखं आहे ना, हे शाळेच्या टेबलावरच ताडून बघा. आपल्याकडे तेलुगू किंवा कन्नड घरातली नावं मराठीत लिहिताना हमखास बदलतात. एकीकडे नुसतं नाव, दुसरीकडे वडिलांचं नाव जोडलेलं, तिसरीकडे आडनावच गाळलेलं. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या नोंदवहीत, जे चढतं ते दहावीपर्यंत पाठ सोडत नाही. दुरुस्ती पहिल्या आठवड्यात सोपी असते, नंतर फेऱ्या माराव्या लागतात.

जुन्या शाळेचा दाखला हातात नाही म्हणून मूल घरी बसवू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. वर्ष अर्धं उलटलं असलं तरी प्रवेश मिळतो. हे शांतपणे सांगायचं, भांडण करायची गरज पडत नाही.

फोन नंबर दोन द्या. एक तुमचा आणि एक अशा माणसाचा, जो दिवसा फोन उचलतो. कारखान्यात मागांच्या खडखडाटात रिंग ऐकूच येत नाही, आणि मुलाला ताप भरला की बाई फोन लावत बसतात. आजी, काकू, शेजारची ताई, कुणीही चालेल. फक्त त्यांना तसं सांगून ठेवा.

दुसरी पायरी: बातमी कुठे लागते ते ओळखा

गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला फळा असतो. आमच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती, त्याखाली सुविचार, उजवीकडे आज जेवणात काय, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात सूचना. नवे पालक सुविचार वाचून पुढे जातात. थांबून फळा खालपर्यंत वाचायची सवय लावा, मिनिटभराचं काम आहे. ‘उद्या रिकामं दप्तर आणावे’ किंवा ‘शनिवारी आरोग्य तपासणी’ असल्या ओळी तिथेच सापडतात.

दुसरी जागा मुलाची वही. पहिली-दुसरीच्या बाई शेवटच्या पानावर निरोप लिहून देतात आणि सही मागतात. रोज संध्याकाळी ते पान उघडा.

तिसरी जागा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. आमच्याकडे वर्गाचा ग्रुप वर्गशिक्षिका चालवतात. त्यावर सुप्रभात, देवाचे फोटो, वाढदिवस टाकू नका ही माझी हात जोडून विनंती आहे. शंभर फुलांच्या फोटोंखाली शिष्यवृत्तीची शेवटची तारीख गाडली जाते आणि नुकसान एखाद्या मुलीचं होतं. निरोप वाचला की ‘समजलं’ एवढं लिहिलं तरी बाईंना अंदाज येतो. मराठी वाचायला अडचण असेल तर संकोच न करता तसं सांगा आणि बोलून पाठवा म्हणावं. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी निम्मी वस्ती आहे. आमच्या एक पद्मशाली काकू बाईंचा आवाजातला निरोप ऐकतात आणि तोच तेलुगूत बोलून गल्लीतल्या पाच-सहा जणींना पुढे पाठवतात. अशी एक काकू प्रत्येक वर्गाला मिळाली तर निम्मा प्रश्न सुटतो.

आणि चौथी जागा म्हणजे शाळेच्या मावशी. घंटा त्याच देतात, खिचडी कधी उतरली ते त्यांनाच माहीत, कुठल्या मुलानं डबा खाल्ला नाही तेही. त्यांच्याशी दोन शब्द नीट बोला. फळ्यावर यायच्या आधी बातमी त्यांच्याकडे असते.

तिसरी पायरी: वर्ष कसं फिरतं ते मनात बसवा

विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, फुलं देऊन मुलांना आत घेतात. नवीन मूल त्या दिवशी रडलं तरी चालेल, पण हजर असावं. पुस्तकं त्याच दिवशी हातात पडतात. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत असतात, त्यामुळे बाजारातून संच आधीच विकत आणू नका.

मग आषाढी. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते, आणि एकादशीच्या आसपास शाळेशाळेत मुलांची दिंडी निघते. धोतर-टोपी आणि डोक्यावर तुळस एवढंच लागतं. प्लास्टिकची तुळस विकत घेऊ नका, कुंडीतली छोटी फांदी पुरते. कामाचं असं की दिंडी रस्त्यावरून जाते तेव्हा दोन्ही बाजूंनी चालायला मोठी माणसं कमी पडतात. तासभर मोकळा असेल तर सांगून ठेवा.

श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पूर्व भागातले रस्ते त्या दिवशी माणसांनी भरून जातात. सुट्टी कशी आहे ते आदल्या दिवशीच विचारा. पुढे स्वातंत्र्यदिन आणि गणपती, आणि या दोन्हींसाठी लेझीम. सोलापूरच्या मिरवणुकीतलं लेझीम सगळ्यांना माहीत आहे, शाळेतलं त्याचं बाळरूप बघायचं तर दुपारी चारला मैदानावर या. पहिले दोन-तीन दिवस नुसता गोंधळ असतो. साखळ्या एकमेकींत अडकतात, एक पोरगी डावीकडे तर बाकी उजवीकडे. आठवड्यानं हलगीच्या ठेक्यावर चाळीस लेझीम एकदम वाजतात तेव्हा शेजारच्या कारखान्यातली माणसं दारात येऊन उभी राहतात. सरावाच्या दिवसांत मुलांना अर्धा तास उशीर होतो, तळहाताला फोड येतात. पायात चप्पल नको, बूट नाहीतर अनवाणी. पाण्याची बाटली भरलेली द्या. उजनीचं पाणी शहरात काही दिवसांआड येतं, त्यामुळे शाळेच्या टाकीवर सगळा भार टाकून चालत नाही.

दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा, मग सुट्टी. सुट्टीनंतरचे दोन महिने कार्यक्रमांची नुसती रांग लागते: १४ नोव्हेंबर बालदिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, क्रीडास्पर्धा, सहल, आनंद बाजार, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. यातल्या दोन गोष्टींवर थोडं थांबते.

आनंद बाजार म्हणजे मुलांनी मांडलेला बाजार. कुणी मेथीच्या जुड्या आणतं, कुणी बोरं, कुणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पालकांचा उत्साह इथे फार वाहवत जातो, आई रात्रभर जागून पदार्थ करते आणि बाजारात विक्रीही स्वतःच करते. तसं करू नका. शंभर रुपयांच्या आत माल घ्या, किती भांडवल लागलं ते मुलाला वहीत लिहायला लावा, आणि स्टॉलपासून दहा पावलं लांब उभं राहा. सुटे पैसे देताना तिसरीतलं पोर चुकेल, गिऱ्हाईक बावचळेल, पण वजाबाकी त्या दिवशी कायमची पक्की होते.

सहलीचं संमतीपत्र आलं की चार गोष्टी बघा: गाडी कुठली, सोबत शिक्षिका किती, परत यायची वेळ, आणि मुलाच्या औषधाची नोंद केली का. एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत देतं, म्हणून खासगी गाडीऐवजी एसटीचा आग्रह धरायला हरकत नाही. लांब जायलाच हवं असंही नाही. केगावचं विज्ञान केंद्र, भुईकोट किल्ला, ज्यांनी चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ साली प्राण सोडला त्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक, बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य, हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्ग. सगळं एका दिवसात होतं. पैशाची अडचण असेल तर वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. आमच्याकडे तरी पैशावाचून मूल मागे राहू नये म्हणून गुपचूप सोय होते. ते मूल कोण, हे कुणाला कळत नाही.

चौथी पायरी: जानेवारीसाठी वेगळी तयारी

बाहेरून आलेल्यांना सोलापूरचा जानेवारी चकवतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

१२ जानेवारीला महाराष्ट्रभर जिजाऊ आणि विवेकानंदांची जयंती असते. सोलापुरात त्याच तारखेला चार हुतात्म्यांचं स्मरण होतं. मे १९३०च्या आंदोलनानंतर इथे मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. शाळेत त्या दिवशी मुलं भाषणं करतात. तुमच्या मुलाला भाषण मिळालं तर कुठूनतरी छापील उतारा पाठ करून घेऊ नका. त्याला या हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांपाशी न्या, नावं वाचू द्या, आणि तिथे जे विचारेल त्यावर पाच वाक्यं त्याचीच त्याला लिहू द्या. ही चार माणसं चार वेगवेगळ्या समाजांतून आलेली होती, हे आमच्या वर्गातल्या मुलांना सांगावं लागत नाही. आपली हजेरी वाचली की त्यांना ते दिसतंच.

लगोलग गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा. ती संक्रांतीला धरून येते. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात, शहर परिसरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा सोहळा, मग होम आणि पुढे शोभेचं दारूकाम. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं शहरभर दिसतात. या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते वळवलेले असतात, रिक्षा मिळत नाही, आणि सुट्टीचे दिवस दरवर्षी सारखेच असतील असंही नाही. तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना थेट विचारा: सुट्टी कुठल्या दिवशी, शाळा सकाळची की दुपारची, आणि पोषण आहार शिजणार का. तिसरा प्रश्न कामावर जाणाऱ्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाचा.

होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं महिनाअखेरपर्यंत असतात. मुलाला गड्ड्यात न्यायचं तर अक्षतेच्या गर्दीतच न्यायला हवं असं नाही, नंतरच्या एखाद्या साध्या दिवशी न्या. शर्टाच्या आतल्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास असतो. आपल्या घराजवळ अडुसष्टांपैकी कुठलं लिंग आहे ते शोधून यायचं काम बाई दरवर्षी देतात. आजोबांना बरोबर घेतलं तर हे काम फार छान होतं.

स्नेहसंमेलनही बहुतेक याच सुमारास पडतं. पोशाखाचं भाडं हा दरवर्षीचा वादाचा विषय. माझं स्पष्ट मत आहे: भाड्याचा चमचमता पोशाख नकोच. आजीचं इरकल लुगडं, घरातलं धोतर, पडद्यामागे सोलापुरी चादर, एवढ्यावर नाच उत्तम उठतो. हे पालक सभेत नोव्हेंबरमध्येच बोला. जानेवारीत बोललात तर ऑर्डर देऊन झालेली असते.

पाचवी पायरी: पालक सभेला या आणि बोला

सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदानित शाळेत समितीचं काम सल्ल्याचं असतं, पण नीट दिलेला सल्ला शाळेत ऐकला जातो. सदस्य नसलात तरी सभेला बसा. ‘आमचं शिक्षण झालं नाही, आम्ही काय बोलणार’ असं म्हणणाऱ्या बायकांनीच आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लावून घेतली.

सभेची वेळ ठरताना तोंड उघडा. पाण्याच्या दिवशी बायका नळ सोडून येऊ शकत नाहीत, आणि विडी कामगार आयांची सकाळ वळलेल्या विड्या कारखान्यात देण्यात जाते. हे शिक्षकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. आमची सभा आता शनिवारी शाळा सुटताना होते, आणि बसायला सतरंज्या कमी पडतात.

विडी कामगारांचा विषय निघालाच आहे तर हे लक्षात ठेवा: त्यांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती पहिलीपासून मिळते. लहान वर्गांना वर्षाला १००० रुपये, पुढे शिक्षणाप्रमाणे रक्कम वाढत जाते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो, आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र आणि बँकेचं खातं लागतं. शाळा उघडल्यावर महिन्याभरात वर्गशिक्षिकेकडे विचारणा करा, आणि शेवटच्या आठवड्यासाठी थांबू नका, तेव्हा साइट चालत नाही. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

पोषण आहारावर लक्ष ठेवणं हेही पालकांचंच काम. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाचा आहार आणि त्यातून ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. मुलांना वाढण्याआधी अन्नाची चव घेऊन वहीत नोंद करायची पद्धत आहे. ती चव पालकही घेऊ शकतात. महिन्यातून एकदा पाळी लावून घ्या. दुपारी शाळेत जा, ताटलीत दोन चमचे खिचडी घ्या, डाळ शिजली का, मीठ बरोबर आहे का, तांदळात खडा लागतो का ते बघा आणि आहे तसं लिहा. चांगली असेल तर तेही लिहा. धुरात उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या ताईंना ती ओळ वाचून दाखवा.

काही खटकलं तर आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग समिती, हा क्रम ठेवा. ग्रुपवर आधी टाकू नका. याला एकच अपवाद: मुलाला मारहाण झाली किंवा कुणी वाईट स्पर्श केला, तर क्रम बघायचा नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा आणि मुलालाही पाठ करून घ्या.

सहावी पायरी: उन्हाळा आणि निकाल

मार्चमध्ये ऊन चढलं की सकाळची शाळा सुरू होते. वेळ बदलल्याचा निरोप एकदाच येतो, तो चुकवू नका, नाहीतर पोर भर दुपारी गेटवर उभं राहील. इथला पारा चाळिशीच्या वर जातो. टोपी, पाणी आणि घरून काहीतरी खाऊन जाणं, यात तडजोड नको. वार्षिक परीक्षा होईपर्यंत ‘आता काय शिकवतात’ म्हणून मुलाला गावी नेऊ नका. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी, आणि उजळणीचे दिवस नेमके शेवटचे असतात.

१ मेला झेंडावंदन झालं की निकालपत्रक हातात मिळतं. ते घ्यायला स्वतः या. नाव, जन्मतारीख पुन्हा एकदा वाचा, वाचनालयाचं पुस्तक परत केलं का बघा, आणि सुट्टीत सिम बदलणार असाल किंवा घर बदलणार असाल तर नवा नंबर त्याच दिवशी बाईंच्या वहीत लिहून द्या. जूनमध्ये शाळा कधी उघडणार, तो निरोप त्याच नंबरवर येणार आहे.